मागच्या दोन स्पीकरांचे चाचा

“लग्नाची फिल्म किती एमबीत बसवून द्याल?” असं चाचांना विचारणाऱ्या माणसाची मला आधी कीव यायची. बिचाऱ्याला वाटायचं, आपण साधा सवाल केला. चाचा चष्मा कपाळावर चढवायचे, हातातली वायर खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “बसा. पाणी घ्या. किती म्हणले तुमी? तीनशे एमबी? भाऊ, तीनशे एमबीत तं नवरदेवाचा फेटाबी मावत नाही. बाकीचे वऱ्हाडी कुठी बसवू, टपावर?”

मग पाऊण तास व्याख्यान. गिऱ्हाईक उठायचं ते एक तर मोठ्या साइजची फिल्म कबूल करून, नाहीतर तडक रस्त्यापलीकडच्या स्टुडिओत. बहुतेक वेळा रस्त्यापलीकडंच. मी आपली कम्प्युटरपुढं बसून दात-ओठ खायची.

मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागं त्यांचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ होता, अजून आहे. मी तिथं सहा वर्षं एडिटिंग केलं. चाचा अंगानं काडी, पण कान असे की देवानं बाकीचं सामान वाचवून तिथंच लावलं असावं. गळ्यात कायम हेडफोन. नमाजाला निघाले की तो माझ्या हातात द्यायचे, आणि वर बजावायचे, “खाली ठेवजो नोको, धूळ लागते.” एखाद्या तान्ह्या लेकराला सांभाळायला द्यावं तसा मी तो मांडीवर घेऊन बसायची. हेडफोन बघून नवीन माणसाला वाटायचं, यांना कमी ऐकू येतं, आणि तो ओरडून बोलायचा. चाचा त्याच्याहून मोठ्यानं उत्तर द्यायचे. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, दुकानात भांडण लागलं.

चाचांचं वेड एकच. लग्नाची फिल्म पाहताना माणूस मांडवात बसल्यासारखा वाटला पाहिजे, आणि मांडवात आवाज काही फक्त समोरून येत नाही. सगळे शूटिंगवाले कॅमेऱ्यावरच्या एका माइकवर भागवतात. चाचा पाच माइक लावायचे. तीन पुढं आणि दोन मागं, अगदी शेवटी, दाराशी, जिथं चपला काढतात आणि म्हाताऱ्या बसतात तिथं. लोक विचारायचे, हे फाइव्ह पॉइंट वन काय असते? चाचा सांगायचे, “पाच माणसं आन् एक ढोल. तिघं समोर बोलतात, दोघं तुमच्या मागं कुचकुचतात, आन् ढोल पोटात वाजते. झालं फाइव्ह पॉइंट वन.” याच्याहून सोपं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्यांचं एक बोलणं आमच्या दुकानात रोज व्हायचं. “समोरचं तं बहिऱ्यालेबी ऐकू येते. मागचं ऐकाले माणूस लागते.”

चाची दुकानाच्या वरच राहायच्या. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. “बेटी, इनकू सामनेसे बोली तो कुछ सुनाई नै आता. पीछेसे किसीकू बोली तो बराबर सुन लेते.” आणि हे खरं होतं.

गावोगावच्या होम थिएटरांची चाचांना भारी चीड. आपल्याकडं लोक हौसेनं पाच स्पीकरचा सेट आणतात आणि पाचही स्पीकर टीव्हीखालच्या शोकेसमध्ये ओळीनं मांडून ठेवतात. मध्ये प्लास्टिकची फुलं. वूफरवर, म्हणजे त्या ढोलाच्या डब्यावर, लोणच्याची बरणी. चाचा कुणाच्या घरी फिल्म द्यायला गेले की चहा यायच्या आत उठायचे, न विचारता शोकेस उघडायचे आणि दोन स्पीकर उचलून मागच्या भिंतीकडं चालू लागायचे. घरमालक मागं मागं, “अहो चाचा, ते कुठी नेऊन राह्यले?” खिशातून गाठी मारलेली सुतळी निघायची. तिनं खुर्चीपासूनचं अंतर मोजायचं. मागचा एक स्पीकर फ्रिजवर बसायचा आणि दुसरा देवघराच्या बाजूला. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मधल्या खुर्चीत बसवायचं. हुकूमच.

केनवडला एकदा गंमत झाली. नवरीचे वडील मधल्या खुर्चीत. पोरीच्या लग्नाची फिल्म सुरू झाली, समोर मंगलाष्टकं, सगळे गंभीर. तेवढ्यात मागच्या डाव्या स्पीकरमधून आवाज आला, “अरे, इकडं वरण कुठी हाय?” ते गृहस्थ ताडकन उठले, “आणतो, आणतो!” म्हणत स्वयंपाकघरात शिरले आणि मग तिथंच कपाळाला हात लावून उभे राहिले. घरदार हसून हसून लोळलं. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. परत येताना गाडीवर मला म्हणाले, “पाह्यलं? उठला माणूस. याले म्हणतात आवाज.” पुढं दोन वर्षं हा किस्सा त्यांनी प्रत्येकाला सांगितला, मला तर पन्नास वेळा.

पोहरादेवीच्या यात्रेत ते एकदा पाचही माइक घेऊन गेले. कोणाची ऑर्डर नाही, काही नाही. दोन तास नुसती गर्दी भरून आणली. “हे कोण ऐकन?” मी विचारलं. “मी,” ते म्हणाले, आणि खरंच दुपारभर डोळे मिटून ऐकत बसले. इकडं तीन लग्नांचं काम पडलेलं. असा राग आला होता मला, विचारू नका.

आता माझ्या पराक्रमाचं सांगते.

चाचांची एक एक फिल्म पन्नास पन्नास जीबीची. कम्प्युटर दर आठवड्याला ‘डिस्क भरली’ म्हणून बोंब मारायचा. एकदा चाचा आठ दिवस अकोल्याला पाहुण्याकडं गेले. मी म्हटलं, हीच वेळ. चार वर्षांची सगळी जुनी लग्नं काढली, एकेकाची बारकी फाइल केली, पाच-सहा आवाजांचे दोन आवाज केले आणि मूळच्या फाइली पुसून टाकल्या. चित्र तसंच दिसत होतं. हेडफोन लावून दोन-चार ऐकल्या, बॅण्ड छान वाजत होता. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की चाचा आल्या आल्या मी सांगितलं, “चाचा, तीन डिस्का मोकळ्या केल्या!”

चाचा स्टुलावर बसले. पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावरही ग्लास हातातच. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि तिसऱ्या दिवशी मला मधल्या खुर्चीत बसवून मी केलेली एक फाइल लावली.

“मागून काय येऊन राह्यलं, बेटा?”

“काहीच नाही.”

“कॉम्प्रेस करनं म्हंजे काय, तुले मालूम हाय? फाइल बारीक कराची म्हंजे कोणाले तरी बाहेर काढा लागते. मंग मशीन काय करते? मोठा आवाज ठेवते, आन् त्याच्याखाली दबलेला लहान आवाज फेकून देते. म्हणते, हा तसाबी कोणाले ऐकू येत नव्हता. पंगतीत पाटलाले वाढाचं आन् कोपऱ्यातल्याले उपाशी उठवाचं, तसं.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. “जाऊ दे. तुले मीच कधी या खुर्चीत बसवलं नाही. गिऱ्हाइकालेच बसवत राह्यलो.”

मी त्या दिवशी दुकानाच्या मागं जाऊन रडले. पण खरं सांगू, रडता रडता मनात हेही होतं की, कोपऱ्यातलं कोण ऐकायला येणार आहे?

कोपऱ्यातलं ऐकायला आसेगावची एक बाई आली, सहा महिन्यांनी. पंचेचाळिशीच्या असतील, आपण ताई म्हणू. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाची फिल्म आम्ही केली होती. आता धाकटीचं लग्न ठरलं होतं आणि हळद तीन दिवसांवर आली होती.

“चाचा, मोठीच्या हळदीत आमच्या बुढीनं गाणं म्हटलं होतं. मले ते पायजे.”

बुढी म्हणजे ताईंच्या सासूबाई. त्यांच्या घरात हळद त्यांच्या गाण्यावर लागते. नुसतं हौसेचं गाणं नाही ते. गाण्यात बोटं मोजतात. पहिलं बोट उंबऱ्याला, दुसरं नवरीच्या आईला, मग तिसरं, मग चौथं. गाण्यात जिचा मान येईल तिच्या बोटाला हळद द्यायची, तिनं नवरीला लावायची. आणि मागच्या पावसाळ्यात या आजींना झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आठ महिने झाले, तोंडातून शब्द नाही. दोन ओळी सगळ्यांना पाठ होत्या. तिसरी कोणालाच येत नव्हती.

“माही नणंद म्हणते, तिसरं बोट आत्याचं. माही बहीण म्हणते, मावशीचं. दोघी हमरीतुमरीवर आल्या. आन् पोरगी म्हणते, आजीचं गाणं पुरं भेटल्याबिगर मी पाटावर बसतच नाही. मोठीले आजीच्या गाण्यावर हळद लागली, मले काहून नाही?” ताईंनी पदर डोळ्यांना लावला. “बुढीचा लय जीव हाय तिच्यावर. बुढीलेबी समजते सगळं. नुसती पाहात राह्यते.”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हा त्यांचा मोठेपणा. मी माझी बारकी फाइल लावली. हळद दिसत होती, बायका दिसत होत्या, आणि ऐकू येत होता फक्त बॅण्ड. आजी तर चित्रातही नव्हत्या.

“त्या कुठी बसल्या होत्या?” मी विचारलं.

“दाराआड. मामंजी गेले तवापासून बुढी हळदीत पुढं येत नाही. दाराआडूनच म्हणते.”

दाराशी. म्हणजे चाचांच्या मागच्या माइकपाशी. म्हणजे बरोबर तोच आवाज, जो मी माझ्या हातानं फेकला होता. मी ताईंना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, “ताई, गाणं होतं. मी पुसलं.” ताईंना फाइल, माइक काही कळलं नसेल, पण गाणं गेलं एवढं कळलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

चाचा मात्र खिशातली सुतळी बोटाला गुंडाळत विचार करत होते. “ताई, मी तुमाले एक पेनड्राइव्ह देल्ला होता. लाल गोंडा बांधून. त्याच्यात पुरी फिल्म होती, बारा तुकडे करून. तो कुठी हाय?”

“तो? तो आमच्या टीव्हीवर चाललाच नाही. दिरानं नेला ना ट्रॅक्टरले लावाले. गाणे भरले त्याच्यात.”

“गेलं,” मी म्हटलं.

“गाडी काढ,” चाचा म्हणाले.

आसेगावच्या शिवारात ताईंचे दीर ट्रॅक्टरवर होते. स्पीकर असा दणदणत होता की त्यांना हाका मारून आमचे घसे बसले. शेवटी त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. चाचांनी पेनड्राइव्ह मागितला तर दीर म्हणाले, “घेऊन जा बाप्पा! लय दळभद्री हाय तो. एवढा मोठा म्हणतात, आन् चाळीस गाण्यातच भरला म्हणते. बाकी जागा कोणं खाल्ली, काय मालूम!”

चाचांनी तो पेनड्राइव्ह उपसला आणि, विश्वास ठेवा, त्याचा मुका घेतला. मातीनं भरलेला, गोंडा काळा पडलेला. ट्रॅक्टरच्या प्लेअरला फक्त गाणी दिसतात, फिल्म दिसतच नाही. आणि जे दिसत नाही ते पुसणार कोण? बारा तुकडे दीड वर्ष त्या ट्रॅक्टरवर शेत नांगरत फिरत होते. दीर बघतच राहिले. “चाचा, तब्येत ठीक हाय ना?”

दुकानात आल्यावर चाचांनी फाइली उघडतात एवढं पाहिलं आणि लगेच बंद केल्या. मी म्हटलं, “अहो, गाणं तरी ऐकू द्या! तिसरी ओळ काय ते पाहू!” तर म्हणाले, “जिचा माल हाय, पयले तिले.” मी अशी चिडले! ज्या गाण्यासाठी शिवारापर्यंत धावलो ते दोन क्लिकवर, आणि या माणसाला शिष्टाचार सुचतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाच स्पीकर, वूफर आणि माझा रेकॉर्डर घेऊन आसेगावला ताईंच्या घरी. हळदीला दोन दिवस होते, घर पाहुण्यांनी भरलेलं. आत्या आणि मावशी खोलीच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसलेल्या. मधोमध बाजेवर आजी. लहानशा, पांढऱ्या लुगड्यातल्या, डोळे मात्र चांगले टपोरे आणि सगळीकडं फिरणारे. उशाशी ती धाकटी, आजीचा हात धरून. चाचांनी सुतळी काढली, तीन स्पीकर टीव्हीपाशी, दोन आजींच्या बाजेच्या मागं, एक इकडं एक तिकडं. धाकटीच्या हातात वही-पेन दिलं. “बेटा, ओळ आली का लिहून घेजो.”

फिल्म लागली. समोरून बॅण्ड आला आणि बायका हसायला लागल्या, आपापली जुनी लुगडी ओळखायला लागल्या. आणि मग मागून, अगदी आजींच्या कानाशी, आजींचाच आवाज आला.

पयलं बोट हळदीचं घराच्या उंबऱ्याले...

खणखणीत. किती खणखणीत, काय सांगू! आजी दचकल्या. मान जेवढी वळत होती तेवढी मागं वळवून पाहू लागल्या.

दुसरं बोट हळदीचं मायच्या त्या पदराले...

आजींचे ओठ हलले. आधी मला वाटलं, रडतायत. पण ते रडणं नव्हतं. घशातून खरखर निघाली, मग तिला सूर लागला, आणि ‘पदराले’चा शेवट मागच्या स्पीकरबरोबर बाजेवरूनही आला. पुढं एका डॉक्टरांनी मला सांगितलं की असं होतं कधी कधी, बोलता न येणाऱ्याला गाता येतं. तेव्हा ते कुठं माहीत? धाकटीच्या हातून पेन पडलं. ताईंनी तोंडावर पदर दाबला.

चाचांनी आधी समोरचा बॅण्ड बंद केला. आणि मग, ज्या माणसानं मला सहा वर्षांत मागचा आवाज एक रेघ कमी करू दिला नव्हता, त्या माणसानं वाकून मागचे दोन्ही स्पीकर बंद केले.

आजी थांबल्या नाहीत. जीभ जड होती, अर्धे शब्द चेपलेले होते, पण सूर सरळ होता. एकट्याच म्हणत होत्या.

तिसरं बोट हळदीचं दाराआड उभी तिले.

दाराआड उभी तिला. ना आत्या, ना मावशी. आजींनी एकदा श्वास घेतला आणि तीच ओळ परत म्हटली, या वेळी डोळे मिटून. ताईंनी तोंडावरचा पदर काढून म्हटलं, “इतके वर्षं म्हणत असन बुढी हे. सगळ्याईच्या हळदीत. आमी जी पुढं येईन तिच्या बोटाले हळद देत राह्यलो, बॅण्डच्या मधात कधी ऐकलंच नाही.”

चौथं बोट आत्या-मावशीच्या जोडीला निघालं. पण तोवर त्या दोघी भांडण विसरून एकमेकींच्या पदराला डोळे पुसत होत्या.

माझा हात पिशवीतल्या रेकॉर्डरकडं गेला होता. चाचांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट, आणि मान हलवली. मी जागची हलले नाही.

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. वाटीत हळद कालवून आणली. “अवं, हळद परवा हाय,” कोणीतरी म्हणालं. “आन् बुढीचा डावा हात...” असंही कोणीतरी कुजबुजलं. पोरीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आजींचं डावं बोट वाटीत बुडवलं आणि आपला गाल पुढं केला. त्या बोटानं तो ओला गाल पुसता पुसता पिवळा केला, पार कानापर्यंत.

सामान गाडीत भरताना चाचा माझ्याकडं पाठ करून उभे होते. एकच वायर त्यांनी तीनदा सोडली आणि तीनदा गुंडाळली. मला बाई राहवेना. म्हटलं, “चाचा, एवढं पुन्हा कधी मिळणार होतं का? रेकॉर्ड करू द्यायला काय झालं होतं तुम्हाला?”

“तू रेकॉर्डर काढला असता तं सगळ्याईनं तुह्याकडं पाह्यलं असतं, बेटा,” ते म्हणाले. आतून आजींचा आवाज अजून येत होता. “तिच्याकडं पाहू दे. पयल्यांदा पाहून राह्यले.”